असमान भुजांचा तोल : जपानी युमीचं रसग्रहण

जपानी धनुष्याची, म्हणजे युमीची, प्रमाण लांबी २२१ सेंटिमीटर. उभं केलं तर ते धरणाऱ्याच्या डोक्यावर हातभर जातं. त्याची मूठ मध्यावर नसते. खालून साधारण एक तृतीयांश उंचीवर असते. त्यामुळे वरची भुजा लांब आणि खालची आखूड. दोरी उतरवली की सगळी कांब लक्ष्याच्या दिशेला उलटी वळते, आणि दोरी चढवली की तीच कांब पाच वेगवेगळ्या बाकांची एक अखंड रेषा होते. नेम धरायचं साधन तिच्यावर नाही, बाण टेकवायला आधार नाही, तोल सांभाळणारे दांडे नाहीत. बांबू, लाकूड, सरस, मुठीला थोडं कातडं, सांध्यांवर थोडा वेत आणि वाखाची दोरी, एवढ्यात युमी पुरी होते.

महाराष्ट्रात आज तिरंदाजी म्हटलं की साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे आठवतात. २०२३ मध्ये बर्लिनला दोघंही कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. त्यांच्या हातातलं धनुष्य चाकांवर चालतं. दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार चाकांमुळे बराच हलका होतो, आणि मूठ मध्यावर असते. ते धनुष्य अचूकतेसाठी घडलेलं आहे आणि त्या कामात त्याला तोड नाही. युमी वेगळ्या रीतीने पाहावी लागते. तिच्यात जे जे देखणं दिसतं, ते कुठल्या तरी बळाला दिलेलं उत्तर असतं. शोभेसाठी ओढलेली रेषा तिच्यात जवळजवळ सापडत नाही. ही उत्तरं एकेक करून वाचता आली की तिचा डौल नुसता डोळ्यांना सुखावत नाही, बुद्धीलाही पटतो. या लेखात तेच वाचन करायचं आहे.

सुरुवात मुठीपासून. खाली सरकलेली ही मूठ फार जुनी आहे. जपानच्या प्राचीन यायोई काळातल्या 'दोताकू' नावाच्या कांस्य घंटांवर शिकारीची चित्रं उठवलेली आहेत, त्यांतल्या शिकाऱ्याने धनुष्य मध्याच्या खाली धरलेलं दिसतं. तिसऱ्या शतकातल्या चिनी वेई राज्याच्या इतिहासातही जपानी लोकांबद्दल नोंद आहे की त्यांच्या लाकडी धनुष्याचा खालचा भाग आखूड आणि वरचा लांब असतो. म्हणजे बांबू आणि लाकूड चिकटवून धनुष्य बांधायची कल्पना येण्याच्या कितीतरी आधीपासून हा घाट ठरलेला होता. पुढच्या कारागिरांनी घाट बदलला नाही, तो पेलण्याचं सामर्थ्य धनुष्याच्या अंगात आणलं.

मूठ खाली का, याची कारणं अनेक सांगितली जातात. गुडघ्यावर बसून किंवा घोड्यावरून बाण सोडायचा तर एवढं लांब धनुष्य मध्यावर धरून चालणार नाही, खालचं टोक आडवं येईल. बाण सुटल्यावर कांबेत जी थरथर उठते ती या जागी हाताला कमी जाणवते, असंही म्हणतात. कारण कुठलंही असो, परिणाम मोठा अवघड आहे. दोन्ही भुजा सारख्या असल्या की त्यांना सारखं वाकवणं तुलनेने सोपं. इथे एक भुजा दुसरीच्या जवळजवळ दुप्पट लांब, आणि तरी दोरी सुटताच दोघींनी एका क्षणी आपापल्या जागी परतायचं आहे. एखादी आधी पोहोचली तर बाणाची शेपटी वर किंवा खाली ढकलली जाईल. म्हणून खालची भुजा अधिक ताठ ठेवायची, वरची अधिक लवचीक, आणि हा फरक टोकापासून टोकापर्यंत क्रमाक्रमाने, कुठेही एकदम न तुटता उतरवत न्यायचा. युमीची रेषा पाहताना आपल्याला जी लय जाणवते, ती ताठपणाच्या या उतरंडीची आहे.

लांबीलाही असंच कारण आहे. युमी ओढणारा दोरी छातीपाशी किंवा हनुवटीपाशी थांबवत नाही; हात कानाच्या मागे जातो. बाण साधारण धरणाऱ्याच्या उंचीच्या निम्म्याने ओढला जातो. आखूड धनुष्य एवढं ओढलं तर शेवटच्या काही बोटांत ते एकदम जड होतं आणि मोडायच्या बेताला येतं. सव्वादोन मीटरच्या कांबेत हा सगळा वाक लांबवर वाटला जातो, कुठल्याच एका जागी फार साचत नाही. त्यामुळे ओढ शेवटपर्यंत सलग लागते.

आता दोरी चढवलेली युमी बाजूने पाहा. खालच्या टोकाशी एक छोटा उलटा बाक. त्याच्यावर, मुठीच्या खाली, 'ओओकोशी', म्हणजे मोठी कंबर. मुठीच्या वर 'दो', म्हणजे धड. त्याच्या वर 'तोरिउची', वरच्या भुजेचा सर्वांत भरीव बाक. आणि अगदी शेंड्याला 'हिमेझोरी', राजकन्येचा बाक, जिथे टोक नाजूकपणे पुढे वळतं. ही पाच वळणं मिळून जो चेहरा तयार होतो त्याला जाणकार 'नारी' म्हणतात, आणि धनुष्य घेताना आधी तेच पाहतात. दोरीचं मुठीपासूनचं अंतर साधारण पंधरा सेंटिमीटर. एवढ्या लांब कांबेला एवढं कमी अंतर, म्हणून दोरी चढवलेली युमी सुद्धा सडपातळ दिसते. पण बाकांचं मोल दिसण्यापेक्षा मोठं आहे. एखादा बाक गरजेपेक्षा खोल गेला तर त्या जागी ताण साचतो आणि कालांतराने तिथेच कांब खचते. एखादा सपाट राहिला तर ती जागा काम करत नाही आणि तिच्या वाट्याचा भार शेजारच्या जागेवर पडतो. रेषा नजरेला खटकली तर धनुष्यातही दोष असतो. डोळा आणि गणित इतक्या नेमकेपणाने एकमेकांना दुजोरा देतात अशा वस्तू फार थोड्या.

हे सगळं एका अखंड लाकडातून साधणं शक्य नव्हतं. सर्वांत जुनी जपानी धनुष्यं एकाच लाकडाची. साधारण दहाव्या ते बाराव्या शतकाच्या दरम्यान लाकडाच्या पाठीवर बांबूची पट्टी चिकटवायला सुरुवात झाली. नंतर पोटाच्या बाजूलाही बांबू आला, मग चारही बाजूंनी. पुढे लाकडाचा गाभाच बदलला आणि त्या जागी बांबूच्या कामट्या उभ्या बसवल्या गेल्या. 'हिगोयुमी' म्हणून ओळखला जाणारा हा प्रकार सतराव्या शतकाच्या सुमारास रूढ झाला आणि आजची हातची युमी त्याच जातीची. त्या जुन्या काळात धनुष्याची ताकद दोरी चढवायला किती माणसं लागतात यावर मोजत. तीन माणसांचं धनुष्य, पाच माणसांचं धनुष्य. ११८५ मधल्या याशिमाच्या लढाईत सेनापती योशित्सुनेचं धनुष्य पाण्यात पडलं आणि ते परत मिळवायला त्याने जीव धोक्यात घातला, ही हेइके वंशाच्या कथेतली प्रसिद्ध हकीकत. आपलं हलकं धनुष्य शत्रूच्या हाती लागलं तर तो हसेल, ही त्याची धास्ती होती. धनुष्याच्या ताकदीवरून माणसाची पत ठरत होती. ती ताकद कांब जाड न करता वाढवायची, हा थरांच्या बांधणीमागचा हेतू.

युमी कापून तिचा छेद पाहिला तर तो या सगळ्या इतिहासाचा सारांश वाटतो. पाठीला, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूला, बांबूची एक पट्टी. पोटाला, म्हणजे धरणाऱ्याकडे, दुसरी. दोन्हींची साल बाहेर. मधल्या गाभ्यात बांबूच्या तीन-चार-पाच अरुंद कामट्या उभ्या, आणि त्यांच्या दोन्ही कडांना 'हाझे' या झाडाच्या लाकडाच्या पट्ट्या. हाझे आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं. त्याच्या फळांपासून जपानात मेणबत्त्यांचं मेण काढत आले आहेत.

या मांडणीतली प्रत्येक जागा विचाराने ठरलेली आहे. कांब वाकली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. मधला भाग दोन्हींच्या मानाने निवांत असतो. बांबूचे तंतू सालीजवळ सर्वांत दाट असतात, म्हणून जिथे ताण आणि दाब सर्वाधिक तिथे साल. मधल्या कामट्या उभ्या बसवल्याने गाभा ताठ राहतो पण जड होत नाही. पाठीच्या आणि पोटाच्या बांबूच्या गाठी समोरासमोर येऊ देत नाहीत, नाहीतर दोन ताठ जागा एकावर एक येऊन बाक तिथे अडेल. आणि हाझे कडांना का? रंध्याला वाव मिळावा म्हणून. सालीचा बांबू तासला तर त्याचे उत्तम तंतूच तुटतात. धनुष्याचा तोल जुळवताना जे काही कमी करायचं ते कडांनी करायचं, आणि तिथे रंध्याखाली नीट उतरणारं लाकूड आधीपासून ठेवलेलं असतं. पुढे दुरुस्ती लागणार हे गृहीत धरून तिची जागा राखून ठेवणाऱ्या या दूरदृष्टीपुढे मी दरवेळी थबकतो.

अशा युमीचं माहेर म्हणजे क्यूशू बेटाच्या दक्षिणेचं मियाकोनोजो, मियाझाकी प्रांतातलं शहर. जपानातल्या बांबूच्या युमींपैकी बहुतांश तिथे बनतात, आणि १९९४ मध्ये 'मियाकोनोजो दाइक्यू' या नावाने तिथल्या कलेला राष्ट्रीय पारंपरिक हस्तकलेचा दर्जा मिळाला. तयार युमीमागे दोनशेच्या घरात टप्पे सांगितले जातात आणि ते बहुतेक सगळे एकच कारागीर पार पाडतो. बांबू फोडणारा वेगळा आणि चिकटवणारा वेगळा अशी वाटणी इथे चालत नाही. जो पट्टी निवडतो त्यालाच ती पुढे कशी वागेल हे सोसायचं असतं.

'मादाके' जातीचा बांबू थंडीत तोडतात, तेव्हा त्यात रस कमी असतो. विस्तवावर शेकून त्याचं तेल काढतात आणि मग मुरू देतात. जुन्या गवती छपरांखाली, चुलीच्या धुरात वर्षानुवर्षं तांबूस-काळा झालेला बांबू विशेष मोलाचा मानतात. गाभ्याच्या कामट्या मुद्दाम भाजून करपवल्या जातात. ओल जाते आणि ताठपणा वाढतो. मग सरस. 'निबे' हा हरणाच्या कातड्याचा सरस गरम असताना लावावा लागतो आणि थंड हवेत तो चांगला धरतो. म्हणून बांधणीचं काम हिवाळ्यातलं.

आणि मग येते ती 'उची'. सगळे थर सरसाने जुळवून त्यांच्यावर दोर गुंडाळतात. दोर आणि कांब यांच्या मध्ये बांबूच्या पाचरी ठोकायला सुरुवात होते, शंभराच्या आसपास पाचरी, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. प्रत्येक पाचर दोर आवळते आणि त्याच वेळी कांबेला थोडी वळवते. कारागीर ठोकता ठोकता अंगाचा भार देऊन कांब वाकवत जातो. सरस निवायच्या आत हे संपलं पाहिजे. हातोडीचा कुठला घाव किती हलका, कुठली पाचर किती आत, हे मोजपट्टी सांगत नाही. हा बांबू किती ताठ आहे, ते हाताला कळतं आणि त्याप्रमाणे हात चालतो.

इथे जे घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. चार-पाच सुट्या कामट्या एकत्र धरून वाकवल्या तर त्या एकमेकींवरून किंचित सरकतात, आणि सोडल्या की पुन्हा सरळ होतात. त्या वाकलेल्या असतानाच त्यांच्यामधला सरस घट्ट झाला, तर त्यांना परत सरकता येत नाही. बाक कायम होतो. युमीच्या बाबतीत हा बाक उलट्या दिशेचा, म्हणजे पुढे लक्ष्याकडे असतो. पाचरी काढून दोर सोडला की उलटी वळलेली कांब हाती येते. तिला दोरी लावायची तर हा सगळा बाक मागे उलटवावा लागतो, त्यामुळे बाण ओढण्याच्या आधीच धनुष्य भारलेलं असतं. युमी सडपातळ असूनही बाणाला वेग देते, त्याचं मूळ या पाचरींत आहे.

पहिल्यांदा दोरी चढवताना हातांवर भरवसा ठेवत नाहीत. साच्यावर ताणून ती चढवतात आणि धनुष्य तसंच काही काळ राहू देतात. त्याच्या आत एकमेकांशी झगडणारे थर आता समजुतीला येतात. मग 'मुरातोरी', म्हणजे कडा तासून तोल जुळवणं. पायाने दाबून, हाताने पिळून कारागीर पाचही बाक नीट करतो. याच वेळी आणखी एक सूक्ष्म गोष्ट पाहिली जाते. पोटाच्या बाजूने पाहिलं तर दोरी कांबेच्या बरोबर मध्यावरून जात नाही, किंचित उजवीकडून जाते. याला 'इरिकी' म्हणतात. जपानी पद्धतीत बाण धनुष्याच्या उजव्या अंगाने सुटतो. दोरी मध्यावर असती तर कांब त्याला बाहेर ढकलत राहिली असती. म्हणून काही मिलिमीटरांचा हा कल मुद्दाम ठेवलेला असतो. बाण सुटल्यावर सिद्धहस्त माणसाच्या मुठीत धनुष्य आपोआप गोल फिरतं आणि दोरी हाताच्या बाहेरच्या बाजूला येऊन थांबते. पाहणाऱ्याला तो नाट्याचा भाग वाटतो. खरं तर मुठीने धनुष्य आवळून धरलेलं नाही, योग्य तेवढंच धरलेलं आहे, याची ती साक्ष असते.

युमीचं वाचन कानानेही करावं लागतं. दोरी परत येते तेव्हा ती वरच्या शेंड्याच्या पोटाशी बसवलेल्या कठीण लाकडाच्या फळीवर, 'सेकिइता'वर, आपटते आणि एक कोरडा, खणखणीत नाद उठतो. त्याला 'त्सुरुने' म्हणतात. तंबोऱ्याची जवारी लावताना तार घोडीला किती आणि कुठे स्पर्शते यावर सगळा नाद ठरतो. इथे दोरी आणि फळी यांच्या भेटीचं तसंच आहे. दोरीचं मुठीपासूनचं अंतर बरोबर असेल, बाक निकोप असेल, सुटका स्वच्छ असेल तर नाद टणक येतो. काही बिनसलं तर तो बसका येतो. राळ आणि तेलाचं मिश्रण चोळलेली वाखाची दोरी हा नाद उत्तम देते. ती कधीतरी तुटते, आणि जुने लोक तिचं तुटणं वाईट मानत नाहीत. दोरी गेली की कांबेला आपला उलटा बाक परत मिळतो. हेइआन काळापासून नुसती दोरी छेडून अरिष्ट घालवण्याचा विधी दरबारात होता. जपानच्या राजघराण्यात अर्भकाच्या स्नानविधीच्या वेळी तो आजही होतो. बाण नसलेल्या धनुष्याच्या टणत्काराला मान देणारी ही परंपरा आपल्या कानांना परकी वाटू नये.

हे धनुष्य नाजूक आहे, हे लपवायचं कारण नाही. निबेचा सरस ओलीने ढिला पडतो. फार वेळ ताणून धरलं, बाणाविना दोरी सोडली, कोंदट जागी ठेवलं तर ते बिघडतं. आज शाळा-कॉलेजांत शिकणारे बहुतेक जण ग्लासफायबर किंवा कार्बनची युमी वापरतात. ती टिकते, स्वस्त पडते, पावसापाण्याला डगमगत नाही. आधुनिक गोंदाने जोडलेल्या बांबूच्या युमीही मिळतात. शिकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी, यात गैर काही नाही. निबेची युमी सरावलेल्या हाती गेली की तिचा धक्का मऊ लागतो आणि नाद वेगळा उमटतो, म्हणून जाणकार तिच्याकडे वळतात. तिला मालकाने रोज पाहावं लागतं: आज बाक कसा आहे, इरिकी ढळली आहे का. कारागिराने सुरू केलेलं काम मालक पुढे चालवतो.

आणि नाजूक म्हणजे दुबळी नव्हे. क्योतोच्या सांजूसान्गेन्दो मंदिराच्या सुमारे १२० मीटर लांब ओसरीतून, खालच्या छपराला न लागता बाण आरपार नेण्याची स्पर्धा सतराव्या शतकात ऐन भरात होती. १६८६ मध्ये किशू संस्थानच्या वासा दाइहाचिरोने एका अहोरात्रात १३,०५३ बाण सोडले आणि ८,१३३ पार नेले. दर मिनिटाला सरासरी नऊ बाण, चोवीस तास. बांबू, लाकूड आणि सरस यांनी ते सोसलं. माझ्या मते युमीच्या बांधणीला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

जगात देखणी धनुष्यं पुष्कळ आहेत. तुर्कांचं शिंग आणि स्नायूंचं आखूड धनुष्य युमीपेक्षा बाण लांब फेकतं, इंग्रजांचं यू लाकडाचं धनुष्य तिच्यापेक्षा साधं आणि लढाईत भयंकर होतं. पण असमान भुजांना एका सुरात आणणं, आणि तेही मऊ-कठीण थरांच्या आतल्या भांडणाचा उपयोग करून घेत, हे युमीइतकं कुणी साधलेलं नाही.

जपानला जाणारे मराठी प्रवासी आता बरेच आहेत. जानेवारीच्या मध्यावर क्योतोत असाल तर सांजूसान्गेन्दोच्या अंगणात तरुण-तरुणी ६० मीटरवरच्या लक्ष्यावर बाण सोडतात, ते चुकवू नका. संग्रहालयात काचेआड युमी दिसली तर समोरून फोटो काढून पुढे जाऊ नका. बाजूला जाऊन पाचही बाक ओळखा, मग टोकाशी वाकून थर मोजा. आणि मियाकोनोजोला जायला जमलं तर हिवाळ्यात जा. पाचरी ठोकण्याचं काम तेव्हाच चालतं.